वर्धेपलीकडची वाट : राजुरा–गडचांदूर–जिवती मार्गावरील एस.टी. आणि हरवलेली दुकाने

एखाद्या संस्थेस पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिच्या इतिवृत्तात वास्तूचे भूमिपूजन, विश्वस्तांची नामावली, चातुर्मासांची नोंद आणि देणगीदारांचे ऋणनिर्देश यांना साहजिकच मानाचे स्थान मिळते. परंतु ती देणगी ज्या गल्ल्यातून निघाली ते दुकान आणि त्या दुकानाचा माल ज्या गाडीच्या टपावरून आला ती गाडी, यांची नोंद बहुधा कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. दुकान बंद झाले की पाटी उतरते. बसचा मार्ग बंद झाला की स्थानकातील वेळापत्रकाच्या फलकावरची एक ओळ पुसली जाते. वर्धा नदीच्या पलीकडे, राजुऱ्यापासून माणिकगडाच्या पहाडावरील जिवतीपर्यंत जाणाऱ्या वाटेचा हा इतिहास अशाच पुसलेल्या ओळींचा आहे.

ही वाट समजून घ्यावयाची तर प्रथम नदी समजून घेतली पाहिजे. आज चंद्रपूरहून निघालेला प्रवासी बल्लारपूर मागे टाकून वर्धेचा पूल ओलांडतो आणि राजुऱ्यास पोचतो. आपण एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात आलो, असे त्याच्या मनातही येत नाही. पण १९४८ पर्यंत हेच घडत होते. अलीकडे इंग्रजी अमलातील मध्यप्रांताचा चांदा जिल्हा आणि पलीकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा राजुरा तालुका. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. अलीकडच्या कचेरीत इंग्रजी व मराठी, पलीकडच्या कचेरीत उर्दू. संस्थानच्या हद्दीवर करोडगिरीची नाकी होती; माल इकडचा तिकडे न्यायचा तर जकात भरावी लागे. कापडाचा एक गठ्ठा चांद्याच्या पेठेतून राजुऱ्याच्या दुकानात पोचेपर्यंत त्याला नदीबरोबर सरकारही ओलांडावे लागे.

माणिकगडाचा पहाड तर याहूनही जुन्या राजवटींचा साक्षी. परंपरा या किल्ल्याचा संबंध नागवंशी माना राजांशी जोडते, आणि अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये माणिकदुर्गाचे नाव आढळते. म्हणजे आज ज्या भागास ‘दुर्गम’ हे विशेषण सरकारी कागदोपत्री कायमचे चिकटले आहे, तो एके काळी एका मोठ्या मुलुखाचे नाव वाहत होता. (याच किल्ल्याच्या नावाचे एक रेल्वे स्थानकही बल्लारशाहच्या पुढे आहे, मात्र त्या नावावर विसंबून किल्ला पाहण्यास तेथे उतरणाऱ्याची निराशा ठरलेली.)

मोटार येण्यापूर्वी या पहाडावर माल नेणारे होते ते बंजारे. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन दऱ्याखोऱ्यांतून जात. रेल्वे जसजशी वाढली तसतसा तांड्यांचा हा व्यापार आटत गेला. १९२९ मध्ये बल्लारशाह–काझीपेठ लोहमार्ग पूर्ण झाला आणि उत्तर व दक्षिण हिंदुस्थान या बाजूने जोडले गेले. त्या मार्गावरील विरूरसारख्या गावास रेल्वेने व्यापाराचे महत्त्व आणून दिले. त्याच्या नावापुढे ‘स्टेशन’ हा शब्द कायमचा बसला. पहाडाला मात्र लोहमार्गाचा स्पर्श झाला नाही. रेल्वेने उतरवलेले मीठ, गूळ आणि कापड पुढे बैलगाडीनेच चढत राहिले.

मोटारींच्या बाबतीत निजामाचे संस्थान मागे नव्हते, हे आज फारसे कोणास ठाऊक नसते. निजाम स्टेट रेल्वेने आपल्या रस्ते वाहतूक विभागातर्फे १९३२ मध्ये २७ बसगाड्या व १६६ कर्मचारी घेऊन प्रवासी सेवा सुरू केली. आपल्या सर्वांच्या परिचयाची एस.टी. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे–अहमदनगर मार्गावर प्रथम धावली. नदीच्या अलीकडे विदर्भात प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसच्या गाड्या होत्या. मुंबई राज्याची एस.टी., मराठवाड्यातील राज्य परिवहन आणि विदर्भातील ही सेवा, अशा तिन्हींचे एकत्रीकरण १९६१ मध्ये होऊन महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. वर्धेच्या दोन्ही काठांवरून एकाच रंगाची, एकाच तिकिटाची गाडी धावू लागली ती या घटनेनंतर. नकाशावरील सीमा त्याआधीच पुसली गेली होती; प्रवाशाच्या दृष्टीने ती पुसली गेली ती बसने.

१९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. राजुऱ्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून आजही पाळला जातो, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील इतर तालुक्यांना त्या दिवसाचे काय अप्रूप, असा प्रश्न नव्या पिढीतील मुले विचारतात. रझाकारांच्या धामधुमीत नदी ओलांडून चांदा-बल्लारपूरच्या आश्रयास गेलेल्या माणसांच्या आठवणी सांगणारी पिढी आता जवळजवळ उरलेली नाही. पुढे १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि राजुरा तालुका आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यातील नांदेड जिल्ह्यात गेला. नांदेड कोठे आणि राजुरा कोठे! मध्ये एका बाजूने यवतमाळ जिल्हा आणि दुसऱ्या बाजूने परराज्यात गेलेला आदिलाबाद. जिल्ह्याच्या ठिकाणी काम निघाले तर या तालुक्याच्या माणसास परक्या जिल्ह्यातून किंवा परक्या राज्यातून वाट काढत जावे लागे. ही विसंगती १९५९ मध्ये संपली आणि राजुरा चांदा जिल्ह्यास जोडला गेला. तीन वर्षांत तीन जिल्हे पाहणारा तालुका महाराष्ट्रात विरळाच असेल.

या काळात दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाचे काय झाले असेल, याची कल्पना केली तरी मन चकित होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. आणे-पै जाऊन नवे पैसे आले. १९५९ मध्ये हाली सिक्क्याचे चलन कायमचे थांबले. सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये हा हिशेब अखेरचा ठरला. त्याच सुमारास, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले आणि पायलीच्या जागी लिटरचे माप ठेवणे भाग पडले. म्हणजे सहा-सात वर्षांच्या आत जिल्हा, राज्य, नाणे, सुटी मोड आणि वजन, सारे काही बदलले. शेतकऱ्याचा विश्वास बदलून चालणार नव्हता. हाली रुपयात घेतलेली उधारी कलदारात फेडताना कोणाचे किती बुडाले, हा हिशेब दुकानदाराने कसा सांगितला आणि गिऱ्हाइकाने तो कसा मानला, यावर त्या दुकानाची पुढील पन्नास वर्षांची पत ठरली. रोजमेळ आणि खतावणीच्या जुन्या लाल वह्या बहुतेक घरांतून रद्दीत गेल्या आहेत. ज्या कोणाच्या माळ्यावर त्या अद्याप असतील, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात. या भागाचा आर्थिक इतिहास लिहावयास त्यासारखे साधन दुसरे नाही.

मारवाड आणि गुजरातेतून विदर्भात आलेल्या जैन कुटुंबांनी कापड आणि किराणा हे दोनच व्यवसाय इतक्या मोठ्या प्रमाणावर का पत्करले, याचे उत्तर केवळ भांडवलात नाही. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे व्रती गृहस्थाने टाळावयाचे पंधरा उद्योग. कोळसा पाडणे, वन तोडणे, खाण फोडणे, लाखेचा व्यापार, मध-मद्यादी रसांचा व्यापार ही त्यांतील काही. आता या जिल्ह्याकडे पाहावे! भूमीच्या पोटात कोळसा, वर सागाचे अरण्य, झाडांवर लाख, कड्यांवर मधाची पोळी आणि अंगणात मोहाची फुले. निसर्गाने या भूमीस दिलेले बहुतेक धन शास्त्राने वर्ज्य ठरविलेल्या यादीत बसणारे. सर्वांनीच ही मर्यादा काटेकोर पाळली असे म्हणणे धाडसाचे होईल. लाकडाच्या आणि वनोपजाच्या व्यापारात समाजाची नावे नव्हती असे नाही. पण ज्यांनी ती पाळली त्यांना तागडी आणि गज यांवाचून दुसरा मार्ग उरला नाही, हेही तितकेच खरे.

राजुरा, गडचांदूर, कोरपना येथील बाजारपेठेतील जुन्या दुकानांची बांधणी एकाच साच्यातील असे. रस्त्यापेक्षा हातभर उंच ओटा, लाकडी फळ्यांची दारे, आत पांढरी गादी, तक्क्या, समोर उतरते मेज आणि त्यात पितळी कड्यांचा गल्ला. फळ्यांना क्रमांक घातलेले असत. सकाळी त्या काढून रचणे आणि रात्री क्रमाने बसविणे, हे घरातील मुलाचे व्यापारातील पहिले शिक्षण. कापडाच्या दुकानात लुगडी, धोतरजोड्या, खादी आणि मांजरपाट. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती आणि हिंगणघाटच्या गिरण्याही जवळच्याच. त्यामुळे विदर्भातील कापड या पेठेत सहज पोचे. किराणा दुकानात मीठ, मिरची, हळद, गूळ, खोबरे, तंबाखू, रॉकेल आणि दोरखंड एकाच छपराखाली. त्या दुकानाचा म्हणून एक वास होता, पोत्यांचा, गुळाचा आणि रॉकेलचा मिसळलेला. आजच्या पाकीटबंद मालाच्या दुकानास वास नसतो.

मोठ्या दुकानांच्या शेजारी लहान धंद्यांची एक रांग होती आणि हळूहळू ती सबंध रांग गेली. तासावर सायकल भाड्याने देणारा, जो ओळखीवाचून सायकल देत नसे. लग्नासाठी गॅसबत्त्या भाड्याने देणारा, ज्याच्याकडे वैशाखात आगाऊ सांगावे लागे. भांड्यांना कल्हई करणारा. तहसील कचेरीसमोर टंकयंत्र घेऊन बसणारा अर्जनवीस. काळ्या कापडाच्या पडद्यापुढे स्टुलावर बसवून छायाचित्र काढणारा. घड्याळ दुरुस्त करणारा, एका डोळ्यास भिंग लावलेला. १९९० च्या दशकात यांच्या ओळीत पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ आले, आणि आपण कायमचे राहण्यास आलो आहोत अशा थाटात वीस वर्षेही न टिकता निघून गेले. या यादीत एक मोठा व्यवसायही आहे, कापसाच्या अडतीचा. १९७२ मध्ये राज्य शासनाने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली आणि शेतकऱ्याचा कापूस खाजगी अडत्याऐवजी सरकारी केंद्रावर जाऊ लागला. राजुरा-कोरपना हा कापसाचा पट्टा. येथील कित्येक अडत दुकानांना त्या एका निर्णयाने कुलूप लागले. त्यांतील काहींनी बियाणे आणि खते विकण्यास प्रारंभ केला, काहींनी मुलांना नागपूर-चंद्रपूरला पाठविले.

आता बसकडे वळू. राजुरा हे आगाराचे गाव. चंद्रपूर विभागातील चंद्रपूर, वरोरा, चिमूर या आगारांच्या पंक्तीतील. येथून एक वाट गडचांदूर व कोरपना मार्गे आदिलाबादकडे जाते, दुसरी लक्कडकोटवरून आसिफाबादकडे, आणि गडचांदूरहून तिसरी माणिकगडाचा घाट चढून जिवतीकडे. पहिल्या दोन वाटांवर शेजारच्या राज्याच्या गाड्याही येत. त्या गाड्यांवरील तेलुगू अक्षरे आंध्र प्रदेशाची होती. तेलंगण राज्य २०१४ मध्ये झाल्यावर ती बदलली, आणि २०२४ मध्ये महामंडळाच्या नावाचा संक्षेप पुन्हा बदलला. प्रवासी मात्र तेच राहिले. मुलगी आसिफाबादेस दिलेली, नणंद कोरपन्यास, असे नात्यांचे जाळे कोणत्याही राज्य पुनर्रचनेने तुटलेले नाही.

घाटातील गाडी ही केवळ प्रवासी गाडी कधीच नव्हती. मागील शिडीवरून हमाल टपावर चढे आणि एकेक नग वर जाई: मिठाची पोती, लोखंडी फाळ, कापडाच्या गाठोड्या, टोपलीत बांधलेल्या कोंबड्या, बाजारास निघालेल्या कुंभाराची मडकी. वाहकाच्या खांद्यास चामडी पिशवी, हातात रंगीबेरंगी तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि तिकिटास भोक पाडणारा चिमटा. त्या चिमट्याचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यंत्रातून निघणारे आजचे कागदी तिकीट तिकीट वाटत नाही. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, टपालाची थैली, दवाखान्याची औषधे, शिकावयास राहिलेल्या मुलाचा जेवणाचा डबा, आणि ‘अमक्याच्या दुकानी सांगा’ म्हणून तोंडी निरोप, हे सारे चालक-वाहक नेत. पहाडावरच्या मोठ्या गावांस मुक्कामी गाडी असे. सायंकाळी ती वर पोचे, रात्री चालक-वाहक गावातच वळकटी पसरत आणि पहाटे तीच गाडी खाली उतरे. पहाटेची ही गाडी म्हणजे पहाडाचे घड्याळ. तिच्या हॉर्नवर चुली पेटत.

या गाडीच्या वेळेशी दुकानाची वेळ बांधलेली होती आणि व्रती श्रावकाच्या घरी तिच्याशी जेवणाचीही वेळ बांधलेली असे. सूर्यास्तापूर्वी आहार उरकण्याचा नियम असणारा व्यापारी बाजाराच्या गावी गेला की परतीची गाडी वेळेवर येणे हा त्याच्यासाठी केवळ सोयीचा प्रश्न राहत नसे. घाटात गाडी बिघडली, सूर्य कलला, तर सोबतचे खाखरे तसेच बांधून ठेवून दुसऱ्या दिवसाची नवकारसी होईपर्यंत थांबावयाचे. पर्युषणात दुकाने बंद असली की पहाडावरून आलेले गिऱ्हाईक ओट्यावर बसून राही, म्हणून काही जण आधीच्या बाजारच्या दिवशीच ‘पुढचा बाजार आमचा नाही’ असे सांगून ठेवत. आणि याच रस्त्याने साधू-साध्वींचा विहार चाले, अनवाणी. बस थांबवून ‘चला, बसा’ म्हणणाऱ्या नवख्या चालकास शेजारची मंडळी हसत समजावून सांगत की हे प्रवासी कोणत्याच वाहनाचे नाहीत. भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनास जाणारी कुटुंबे मात्र एस.टी.नेच जात, राजुऱ्याहून चंद्रपूर, चंद्रपूरहून भद्रावती, असा एका दिवसाचा तो प्रवास.

दुकान आणि पहाड यांच्या नात्याची एक बाजू अशी आहे की ती सांगितल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. गोंड आणि कोलाम ही या पहाडाची मूळ माणसे. ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे १९४० च्या दशकात आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई या गोंड गावी राहिले. त्याआधी थोड्याच काळापूर्वी, १९४० मध्ये, जल-जंगल-जमिनीच्या हक्कासाठी उभे राहिलेले कुमराम भीम जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले होते. राजुरा तेव्हा त्याच जिल्ह्याचा भाग. हायमेनडॉर्फ यांनी गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि सावकारांच्या हाती कशा गेल्या, ते तपशिलाने लिहून ठेवले आहे. हंगामाआधी घेतलेले धान्य हंगामानंतर दिडीने फेडावयाचे, अंगठ्याच्या ठशाखाली काय लिहिले आहे ते वाचता यावयाचे नाही, आणि दोन-तीन वर्षांत शेत वहीत जमा. यात सर्व जातींचे व धर्मांचे सावकार होते, एवढे म्हणून आपल्या समाजास मोकळे होता येत नाही. दिवाळीस वही पूजताना पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि धन्ना-शालिभद्रांच्या ऋद्धीचे स्मरण करावयाचे आणि पुढील पानांवर निरक्षर माणसाच्या नावे व्याज चढवावयाचे, हा विरोध ज्या घरांना बोचला त्यांनी उधारीवर व्याज घेणे सोडले. ज्यांना बोचला नाही, त्यांनाही पुढे कायद्याने थांबविले.

ते कायदे सत्तरच्या दशकात एकामागून एक आले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ चा, कर्जमुक्तीचा १९७५ चा आणि आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा १९७६ चा. शेवटच्या कायद्याने आदिवासी भागातील धान्य व वनोपजाची खरेदी आदिवासी विकास महामंडळामार्फत एकाधिकाराने होऊ लागली आणि पावसाळ्यातील पोटापाण्यासाठी खावटी मिळू लागली. तेंदूपानांचा व्यापार त्याआधीच १९६९ च्या कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली गेला होता. सरकारी खरेदी केंद्राने सर्व काही सुरळीत केले असे मुळीच नाही. तेथेही वजनाची आणि वेळेवर पैसे मिळण्याची रड होतीच. पण दुकानाच्या वहीची सत्ता संपली ती या काळात. त्यानंतर जी दुकाने टिकली, ती रोखीच्या व्यवहारावर आणि गिऱ्हाइकाच्या खुशीवर टिकली.

याच दशकात पहाडाची वस्तीही पालटली. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या मराठवाड्यातून, नांदेड, परभणी आणि आजच्या लातूर जिल्ह्यांच्या मुलुखांतून, अनेक कुटुंबे या पहाडावर आली. त्यांत बंजारे होते, इतर समाजही होते. तांडे वसले, ज्वारी-तूर-कापूस पिकू लागला, आणि वनजमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न जन्मास आला, जो पुढील पन्नास वर्षे या तालुक्याच्या प्रत्येक निवडणुकीत बोलला गेला. या वस्तीबरोबर जिवती वाढली. २००१ च्या जनगणनेत जिवती हा स्वतंत्र तालुका नव्हता. २०११ च्या जनगणनेत तो आहे. पाटण, शेणगाव, टेकामांडवा, येल्लापूर, पिट्टीगुडा या गावांच्या वाटा जिवतीस येऊन मिळू लागल्या आणि जिवतीच्या चौकात दुकाने उभी राहिली. जो माल घेण्यासाठी पूर्वी घाट उतरून गडचांदूरला आणि तेथून राजुऱ्यास जावे लागे, तो आता वरच मिळू लागला. ज्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवरून या डोंगरांत मीठ आणले, त्यांच्याच वंशजांपैकी काही जण जिवतीच्या चौकात दुकान मांडून बसले.

मराठवाड्याशी या पहाडाची नाळ दरवर्षी चैत्रात दिसून येते. चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेस नांदेड-परभणीकडील भाविक मोठ्या संख्येने येतात, एस.टी. महामंडळ जादा गाड्या सोडते आणि पहाडावर स्थायिक झालेल्यांच्या घरी मूळ गावचे पाहुणे उतरतात. पौषात गोंड बांधव सीमेवरील महाराजगुडा येथील जंगुबाईच्या दर्शनास जातात. त्या परिसरातील चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांचा दावा असल्याने तेथील घरांत दोन राज्यांच्या शिधापत्रिका आढळत. जेथे माणसाला दोन रेशन दुकाने आहेत, तेथे किराणा दुकानदाराची काय कथा, असा विनोद त्या भागात सहज सुचावा. २०२५ मध्ये ही गावे महाराष्ट्रात घेण्याची प्रक्रिया राज्य शासनाने पुढे नेली.

जुन्या पेठेस खरा धक्का दिला तो दूरवरून दिसणाऱ्या धुराड्यांनी. १९८० च्या दशकात गडचांदूर आणि आवारपूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. पुढे उपरवाहीतही झाला. पहाडाचा चुनखडक खाली उतरू लागला. राजुऱ्याभोवती सास्ती, गोवरी, पवनी येथे कोळशाच्या उघड्या खाणी झाल्या. पगाराचा पैसा आला आणि पगाराच्या पैशाबरोबर वेगळे गिऱ्हाईक आले. त्याला उधारी नको होती, त्याला किंमत छापलेली वस्तू हवी होती. आठवड्याच्या बाजारापेक्षा महिन्याच्या सात तारखेस गर्दी होऊ लागली. राजुऱ्याच्या वाटेवरचे विसाव्याचे गाव असलेले गडचांदूर स्वतःच शहर झाले. उंच ओटे तोडून शटरची दुकाने झाली, कारण रस्ता रुंद झाला आणि ओट्यास जागा उरली नाही. क्रमांकाच्या फळ्या सरपणात गेल्या.

बसचे मार्ग इतक्या ठळकपणे एका घटनेने गेले नाहीत. ते झिजत गेले. १९९० नंतर काळी-पिवळी जीप आली. ती वेळापत्रकावर नव्हे, माणसे भरल्यावर सुटे. पण कोठेही थांबे. मग फटफटी घरोघर झाली. गाडी रिकामी जाऊ लागली की फेरी कमी होई, फेरी कमी झाली की उरलेला प्रवासीही जीपकडे वळे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सर्वच गाड्या थांबल्या आणि त्यातून सावरतात तोच २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. राज्यातील अनेक मुक्कामी गाड्या त्यानंतर पुन्हा मुक्कामास गेल्याच नाहीत. त्याच वर्षी जुलै महिन्यात वर्धेस मोठा पूर आला, राजुरा–बल्लारपूर मार्गावरील पूल पाण्याखाली गेला आणि काही दिवसांपुरती नदी पुन्हा सीमा झाली.

तरीही ही वाट अगदीच निर्मनुष्य झालेली नाही. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या सकाळी शाळेच्या मुली घेऊन येतात. ज्यांच्या आज्यांनी गडचांदूरचा बाजार वर्षातून दोनदा पाहिला, त्या मुली रोज वह्या-पुस्तके घेऊन बसतात आणि वाहकाशी पासवरून हुज्जत घालतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले आणि घाटातील गाडीत पुन्हा उभ्याने प्रवास करावा लागू लागला. पहाडावरील स्त्रिया आता स्वतः चंद्रपूरला जाऊन कापड निवडून आणतात. टपावर मात्र काही चढत नाही. नव्या बांधणीच्या बहुतेक गाड्यांना मागे शिडी नसते, त्यामुळे सामानाची पिशवी मांडीवरच ठेवावी लागते, आणि शेजारच्या प्रवाशाला ‘जरा सरकून घ्या, काका’ म्हणावे लागते.